सिंगापूर ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग आकडे इतके वेगळे का?

चांदणवेल (धागाकर्ती)

माझी मोठी बहीण जानेवारीत सिंगापूरहून न्यूयॉर्कला लेकाकडे चालली आहे. वय ६८. एकटीने एवढा लांबचा प्रवास पहिल्यांदाच. विमान थेट आहे, मध्ये कुठेही उतरायचं नाही. तिला दर बारा तासांनी एक गोळी असते, सकाळी ९ आणि रात्री ९. ती चुकू नये म्हणून मी तिला एका कागदावर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून देणार आहे. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले.

तिकिटावर आहे, सोमवारी रात्री १२.१० ला सुटणार आणि सोमवारीच पहाटे ५.४० ला पोचणार. नुसत्या घड्याळाने बघितलं तर साडेपाच तास. खाली प्रवासाची वेळ मात्र १८ तास ३० मिनिटं. परतीचं विमान २८ तारखेला रात्री १०.३० ला निघतं आणि ३० तारखेला सकाळी ६.२० ला पोचतं, वेळ १८ तास ५० मिनिटं. मग २९ तारीख गेली कुठे?

दुसरी अडचण अंतराची. एका ठिकाणी १५,३४९ किलोमीटर सापडलं. २०१८ साली सिंगापूरहून न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला थेट विमान पुन्हा सुरू झालं, तेव्हा मात्र सुमारे १६,७०० किलोमीटर सांगितलं होतं. शहरं तर जागची हललेली नाहीत, मग हे वरचे साडेतेराशे किलोमीटर आले कुठून? आणि विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं असं धरून १५,३४९ ला भागलं की १७ तास येतात, साडेअठरा नव्हे.

जाणकारांनी समजावून सांगावं. मला नुसती उत्तरं नकोत, तिला सांगता येईल इतकं नीट कळायला हवंय.

मोजपट्टी

घड्याळाचा गुंता आधी सोडवू, तो सोपा आहे.

हिवाळ्यात सिंगापूर न्यूयॉर्कच्या १३ तास पुढे असतं. (उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक १२ तासांचा होतो. सिंगापूरला घड्याळ बदलत नाहीत.) आता ताईंचं विमान सिंगापूरच्या घड्याळानेच मोजा. रात्री १२.१० अधिक साडेअठरा तास, म्हणजे सोमवारी संध्याकाळचे ६.४०. त्यातून १३ तास वजा करा, सोमवार पहाटेचे ५.४०. तिकीट बरोबर आहे.

परतीलाही तसंच. न्यूयॉर्कच्या घड्याळाने २८ तारखेला रात्री १०.३० अधिक १८ तास ५० मिनिटं, म्हणजे २९ ला संध्याकाळी ५.२०. त्यात १३ तास मिळवले की ३० तारीख, सकाळी ६.२०. तुमची २९ तारीख विमानातच गेली. जाताना जे तेरा तास हातात आले, तेच येताना परत द्यावे लागतात.

एक नियम कायम पाळा: प्रवासाचा हिशेब करताना दोन्ही वेळा एकाच शहराच्या घड्याळात आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची. दोन शहरांची घड्याळं एका वजाबाकीत आली की गोंधळ ठरलेला.

शिंपला

ऑकलंडहून लॉस एंजेलिसला जाताना याहून गंमत होते. रात्री निघायचं आणि त्याच तारखेच्या दुपारी पोचायचं. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. कॅलेंडरने बघाल तर निघण्याआधीच पोचलात!

अक्षवृत्त

अंतराबद्दल मी सांगतो. या दोन शहरांची जोडी माझ्या फार आवडीची आहे, कारण त्यांच्यातलं अंतर कागद-पेन्सिलीने काढता येतं. त्रिकोणमिती लागत नाही.

सिंगापूर साधारण १.४ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०४ अंश पूर्व रेखांशावर. न्यूयॉर्कचा विमानतळ ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम. दोन्ही रेखांशांची बेरीज करा: १७७.८. म्हणजे १८० ला फक्त सव्वादोन अंश कमी. याचा अर्थ ही दोन शहरं पृथ्वीगोलावर जवळजवळ पाठीला पाठ लावलेल्या रेखावृत्तांवर आहेत. एकाहून दुसऱ्याकडे जायचा सर्वांत जवळचा रस्ता पूर्वेला नाही आणि पश्चिमेलाही नाही. तो सरळ उत्तरेला आहे, ध्रुवाला जवळजवळ खेटून.

मग अंतर काढा. सिंगापूरहून ध्रुवापर्यंत ९० वजा १.४, म्हणजे ८८.६ अंश. ध्रुवाहून खाली न्यूयॉर्कपर्यंत ९० वजा ४०.६, म्हणजे ४९.४ अंश. बेरीज १३८. पृथ्वीवर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. १३८ गुणिले १११.२, उत्तर १५,३४६. तुम्हाला सापडलेला आकडा १५,३४९. तीन किलोमीटरचा फरक!

याला बृहद्वृत्ताचं अंतर म्हणतात. गोलावरच्या दोन बिंदूंमधली ही सर्वांत जवळची वाट. संकेतस्थळं हाच आकडा देतात.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक शिवणाचा दोरा घ्या. एक टोक सिंगापूरवर बोटाने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा हळूहळू ताणा. सुरुवातीला तो पॅसिफिकवर सैल पडलेला असेल. ताण वाढला की स्वतःहून वर सरकतो आणि ध्रुवाजवळ जाऊन थांबतो. चीनमधल्या चेंगडूच्या जवळून, बैकल सरोवराच्या पश्चिमेकडून, मग आर्क्टिक, कॅनडातलं बॅफिन बेट, मॉन्ट्रियल आणि न्यूयॉर्क. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे कधीच दिसणार नाही. मर्केटरच्या नकाशात ध्रुवाकडचा भाग इतका ताणलेला असतो की ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे.

खिडकीशेजारी

अक्षवृत्त, गणित सुंदर आहे. पण मी याच मार्गाने दोनदा गेले आहे आणि दोन्ही वेळा ध्रुव काही दिसला नाही.

समोरच्या पडद्यावरचा नकाशा मी तासन्‌तास बघत बसते, त्यामुळे नक्की आठवतंय. सिंगापूरहून निघालो आणि विमान ईशान्येकडे वळलं. फिलिपिन्स उजवीकडे, मग जपानच्या पूर्वेने उत्तर पॅसिफिकवर, पुढे अलास्काच्या बाजूने कॅनडात आणि खाली न्यूयॉर्कला. जपान मागे पडल्यावर पडद्यावर जमिनीवरचा वेग ताशी ११०० च्या वर गेला होता. बाहेरचं तापमान उणे ५८. खिडकीला हात लावला तर आतल्या प्लास्टिकलाही गारवा जाणवत होता.

पाणपोई

मग १६,७०० हा आकडा त्याच रस्त्याचा असणार. पण जवळचा रस्ता सोडून साडेतेराशे किलोमीटरचा वळसा कोण घेईल? एवढं इंधन जाळायचं कशाला?

उत्तररात्र

या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण बावीस वर्षं मी हेच काम केलं. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग आखायचा, इंधन ठरवायचं आणि ते कागद वैमानिकाच्या हातात द्यायचे. आता निवृत्त आहे.

सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की करा. विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जातं. ऐकायला अगदी साधं वाटतं, पण सगळा खुलासा यातच आहे. ताशी ९०० हा वेग विमानाचा हवेतला वेग आहे. ती हवाच जर विमानाला घेऊन पुढे सरकत असेल, तर जमिनीवर वेग वाढतो. समोरून येत असेल तर घटतो. मार्ग आखताना आम्ही नकाशावरची लांबी बघत बसायचो नाही. या रस्त्याने गेलं तर *हवेत* किती किलोमीटर कापावे लागतील, ते बघायचो.

पाणपोई, तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू.

ध्रुवाजवळचा रस्ता १५,३४९ किलोमीटर. हवा शांत धरली तर ९०० च्या वेगाने १७ तास ३ मिनिटं.

पॅसिफिकचा रस्ता १६,७०० किलोमीटर. समजा सबंध वाटेवर सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला. जमिनीवरचा वेग ९८०. भागाकार करा: १७ तास २ मिनिटं.

साडेतेराशे किलोमीटरचा वळसा ८० च्या वाऱ्याने पुसून टाकला. वारा याहून जास्त मिळाला की लांबचा रस्ता जवळचा होतो, आणि इंधनही कमी लागतं. कारण इंजिनं जितके तास चालतील तितकं इंधन जळतं, खाली जमीन किती सरकली याच्याशी इंजिनाला देणंघेणं नसतं.

आणि जपानच्या आसपास हिवाळ्यात ८० म्हणजे काहीच नाही. तिथे जेट स्ट्रीम असते. साधारण ९ ते १६ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी वाऱ्याची नदीच म्हणा. हिवाळ्यात जपानवर तिचा वेग ताशी ३०० च्याही पुढे जातो. खिडकीशेजारी यांनी पडद्यावर ११०० बघितले ते त्याच नदीत.

हाच डाव दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानाने ऑक्टोबर २०१६ मध्ये केला. आधी ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. मग पॅसिफिकवरून नेलं, सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त उडून ते साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर.

बाकीचं संध्याकाळी लिहितो.

शिंपला

अप्रतिम प्रतिसाद! वाचनखूण साठवली आहे.

जुनीपानं

उत्तररात्र येईपर्यंत जेट स्ट्रीमबद्दल थोडं. ही नदी शोधणाऱ्या माणसाची गोष्ट मला फार चटका लावते. जपानच्या तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेतले वारे मोजत होते. हिवाळ्यात फार उंचावर भयंकर वेगाचा पश्चिमेचा वारा आहे, हे त्यांना दिसलं. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी १९२६ साली अहवाल एस्परांतो या, सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. ती भाषा वाचणारे जगात थोडेच, त्यामुळे बाहेर कुणाचं लक्षच गेलं नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर एवढ्या उंचीवरून उडू लागली, तेव्हा त्या वैमानिकांना हा वारा स्वतःच्या अंगावर घेऊन कळला.

सागरगोटा

माझी एक जुनी शंका आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी १६७० किलोमीटर, विमानाच्या जवळजवळ दुप्पट. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाने नुसतं हवेत थांबावं, शहर खालून आपोआप येईल. तसं का होत नाही?

अक्षवृत्त

कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते. धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने पूर्वेला चाललेलं असतं, आणि उडाल्यावर तो वेग कुठे सांडत नाही. चालत्या आगगाडीच्या डब्यात चेंडू वर फेकला तर तो हातातच परत येतो, मागच्या बाकावर पडत नाही. तसंच.

पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण आडवाटेने. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे जाऊ लागली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. त्यातूनच पश्चिमेचे वारे आणि जेट स्ट्रीम तयार होतात. म्हणजे विमानाला मदत करते ती वाऱ्याच्या हातून.

पाणपोई

ठीक. पण मग जाताना वाऱ्याने जेवढं दिलं तेवढं येताना काढून घेतलं, असंच ना? जाऊन-येऊन बेरीज सारखीच राहणार.

उत्तररात्र

पाणपोई, नाही राहत. बहुतेकांना तसं वाटतं, पण करून बघा. ९००० किलोमीटरचा रस्ता, विमानाचा वेग ९००, वारा १००. वारा नसेल तर जायला १० तास, यायला १०, एकूण २०. आता वारा आला. जाताना वेग १०००, ९ तास. येताना वेग ८००, सव्वाअकरा तास. एकूण सव्वावीस. पंधरा मिनिटं तोटाच. कारण समोरचा वारा तुम्हाला जास्त वेळ सोसावा लागतो. म्हणून परतीला त्याच वाटेने येणं शहाणपणाचं नसतं. वाऱ्यातून बाजूला व्हायचं, उत्तरेला किंवा दक्षिणेला.

वारा किती देऊ शकतो याचं टोकाचं उदाहरण: फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं बोइंग ७४७ लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग एका वेळी ताशी १३२७ किलोमीटरपर्यंत गेला होता. ध्वनीचा वेग ओलांडला अशी तेव्हा चर्चा झाली, पण तसं नव्हतं. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

आता चांदणवेल यांचा शेवटचा मुद्दा, १७ तासांचे साडेअठरा कसे झाले. तिकिटावरची वेळ म्हणजे हवेतली वेळ नव्हे. विमानाच्या चाकांखालचे चॉक, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, काढल्यापासून ते पोचल्यावर परत चॉक लावेपर्यंतची ती वेळ. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर दारापर्यंत येणं, सगळं त्यात येतं. वर चढताना आणि खाली उतरताना विमान ९०० ने जात नाही. आणि वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी छापतात, रोजचा वारा तर रोज वेगळा. म्हणून वारा कमी असेल त्या दिवसालाही पुरेल इतकी वेळ धरतात. चांगला वारा मिळाला की विमान लवकर पोचतं, ते यामुळेच.

खिडकीशेजारी

हो! आम्ही एकदा चाळीस मिनिटं लवकर उतरलो होतो. तेव्हा मला वाटलं वैमानिकाने जोर लावला.

उत्तररात्र

वैमानिक जोर लावत नाही. प्रवासी विमान साधारण मॅक ०.८५ ला, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर स्थिर ठेवतात. वरच्या उणे ५६ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १०६० किलोमीटर असतो, त्याचे ८५ टक्के म्हणजे ९००. आपण घेतलेला आकडा तिथून येतो. याहून वेग वाढवायला गेलं की इंधन बेसुमार जळतं.

आणि या मार्गावर इंधनाचा प्रश्न फार मोठा आहे. इथे एअरबस ए-३५०-९०० चं खास लांब पल्ल्याचं रूप वापरतात. टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनाचंच वजन सव्वाशे टनांच्या पुढे, आणि उड्डाणाचं एकूण कमाल वजन २८० टन. म्हणजे निम्म्याच्या जवळ नुसतं इंधन! आणि हे इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. म्हणून आत आसनं फक्त १६१ ठेवली आहेत, साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. याच जोडीवर २००४ ते २०१३ चार इंजिनांचं ए-३४०-५०० उडायचं. ते इंधन फार खायचं, शेवटी बंद करावं लागलं. दोन इंजिनांचं विमान आलं तेव्हा २०१८ मध्ये ही वाट पुन्हा उघडली.

मोजपट्टी

दोन इंजिनं घेऊन इतका वेळ समुद्रावर? एक बंद पडलं तर?

उत्तररात्र

दुसऱ्या एकट्या इंजिनावर ते विमान कित्येक तास उडू शकतं, तशी परीक्षा घेऊनच परवानगी मिळते. पूर्वी नियम फार कडक होता. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही. त्यामुळे महासागरावरून सरळ जाताच यायचं नाही, किनारा धरून वळसे घ्यावे लागायचे. १९८५ मध्ये मर्यादा १२० मिनिटांवर आली, १९८८ मध्ये १८०. आज ए-३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मान्यता आहे. आकाशातले बरेचसे रस्ते या एका नियमाने सरळ केले, तरी प्रवाशांना त्याचं नावही माहीत नसतं. चांदणवेल, ताईंना भीती वाटत असेल तर हे जरूर सांगा.

ध्रुवाची वाट बंद नाही, पण तिचीही पथ्यं आहेत. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं, त्यामुळे फार थंड पट्ट्यात टाकीतल्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं. गरज पडली तर विमान थोडं खाली आणतात. विषुववृत्तावरचे संदेशवहन उपग्रह साधारण ८२ अंशांच्या वर क्षितिजाखाली जातात, तेव्हा लांब पल्ल्याच्या रेडिओवर भिस्त.

जुनीपानं

आणि आकाश उघडं असणंही हवं. हेलसिंकी ते टोकियो हे विमान रशियावरून साधारण नऊ-साडेनऊ तासांत जायचं. २०२२ मध्ये तो आकाशमार्ग बंद झाला आणि तेच विमान उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून सुमारे १३ तास घेऊ लागलं. दोन शहरांतलं अंतर एक किलोमीटरनेही वाढलं नाही, प्रवास मात्र चार तासांनी लांबला. शीतयुद्धातही असंच होतं. १९५७ साली कोपनहेगनहून टोकियोला जाणारं विमान ध्रुवाजवळून अलास्कातल्या अँकरेजला जायचं, तिथे इंधन भरून पुढे टोकियो.

आणखी एक जुनी आठवण इथे नोंदवतो. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ या काळात पर्थहून श्रीलंकेला कॅटलिना नावाची पाण्यावर उतरणारी विमानं जायची. खाली शत्रूचा ताबा, म्हणून रेडिओ बंद. ताऱ्यांवरून दिशा काढायची. प्रवासी तीन आणि थोडी टपाल. २७ ते ३३ तास सलग हवेत, एका प्रवासात दोन सूर्योदय. प्रवाशांना तसं प्रमाणपत्रही मिळायचं. ताईंचे साडेअठरा तास मोठे वाटले तर त्या तिघांचा विचार करावा.

कवडसा

उशिरा वाचला हा धागा. प्रतिसाद सगळे उत्तम, पण गोळीचा प्रश्न मागे राहिला. तो मूळ प्रश्न होता, म्हणून लिहितेय.

चांदणवेल, तुमच्या बहिणीच्या बाबतीत हे अनपेक्षितपणे सोपं आहे. फरक १३ तासांचा आणि गोळी बारा तासांची. रविवारी रात्री ९ ची गोळी सिंगापूरला, विमानतळावर जायच्या आधी. पुढची सोमवारी सकाळी ९ ची, सिंगापूरच्या घड्याळाने. म्हणजे विमान सुटल्यावर ८ तास ५० मिनिटांनी. त्याच्या पुढची सिंगापूरच्या रात्री ९ ला, आणि तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे ८ वाजलेले असतील. तोपर्यंत त्या उतरून घरी पोचलेल्या असतील, निदान वाटेवर तरी. विमानात फक्त एकच गोळी. न्यूयॉर्कला सकाळी ८, रात्री ८ असंच चालू ठेवायचं की ९ वर आणायचं, एवढंच डॉक्टरांना विचारून घ्या.

हातातलं घड्याळ पोचेपर्यंत सिंगापूरच्याच वेळेवर ठेवायला सांगा. फोन उतरल्यावर आपोआप बदलतो, मनगटावरचं बदलत नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत, खाली टाकायच्या सामानात नाही. आणि दर दोन तासांनी उठून चालायचं. फार वेळ बसून राहिल्याने पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, या वयात तर जपायलाच हवं. आसन कडेचं घेतलं असेल तर बरं.

चांदणवेल

कवडसा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर मी अठरा ओळींचा तक्ता करत होते. आता कागदावर तीनच ओळी आहेत. आसन कडेचं करून घेतलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

चांदणवेल

धागा वर काढतेय. ताई काल पोचली.

रात्रभर मी फोनवर विमान बघत होते. खिडकीशेजारी यांनी लिहिलं होतं तसंच, ईशान्येला वळलं, जपानच्या पूर्वेने गेलं. तिथे वेग ११४० दाखवत होता. उत्तररात्र, तुमची नदी मला दिसली! पंचवीस मिनिटं लवकर उतरलं. ताईने कागद दाखवला, मधल्या ओळीवर पेनाने खूण केली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "९.०५. पाच मिनिटं उशीर."

उत्तररात्र

फार आनंद झाला. परतीलाही विमान बघत राहा. माझा अंदाज, ते पॅसिफिककडे येणार नाही.

चांदणवेल

३० तारीख, सकाळचे आठ. ताई सिंगापूरला घरी आहे.

परतीला विमान न्यूयॉर्कहून निघून अटलांटिकवर गेलं, मग युरोप, कॅस्पियन समुद्राच्या बाजूने खाली, भारतावरून बंगालचा उपसागर आणि सिंगापूर. मी पृथ्वीचा गोल काढला. जातानाची वाट लाल दोऱ्याने लावली होती, आजची पांढऱ्या दोऱ्याने लावली. दोन्ही टोकं जुळली तेव्हा लक्षात आलं की ताई दोन्ही वेळा पूर्वेलाच गेली. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेला. दोऱ्याचं पूर्ण कडं झालंय.

तिला फोन करून सांगितलं, तू पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलीस. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तो गोल तसाच ठेव. मी येईन तेव्हा बघेन."